सर्जेरावच्या गाडीचं दुसरं कार्ड

त्या आठवड्यात त्रेचाळीस प्रवाशांसकट गाडी दरीत जाण्याची ती तिसरी वेळ होती.

"झालं, मेलो," इनामदार मास्तर मागच्या खुर्चीवरून म्हणाले आणि मांडीवरची पिशवी सावरत उठले. "मी पाटणलाच उतरणार होतो."

समोरच्या पडद्यावर लाल गाडी चाकं वर करून पडली होती. एक चाक अजून फिरत होतं. सर्जेराव पिसाळ स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून तसाच बसला होता, आणि त्याची बायको शालनवहिनी दारात उभी राहून विचारत होती, की सगळेच मेले असतील तर चहा किती जणांचा टाकू?

"माझी चूक नाय," सर्जेराव म्हणाला. "वळण येतच नाय रं, रंगा. रस्ता सरळ दिसतोय, सरळ दिसतोय, आणि एकदम वळण म्होरं उभं. मधलं सगळं हे मशीन खातंय."

"मला तर येताना दिसलं."

"तुला काय दिसतंय? जल्मभर तिकिटं फाडलीस."

बारा-तेरा वर्षं झाली या गोष्टीला. गाव कराड. मी रंगनाथ खिलारे, एस.टी.चा निवृत्त कंडक्टर, आणि सर्जेराव माझा ड्रायव्हर. कराड-चिपळूण या एकाच गाडीवर आम्ही दोघांनी एकोणीस वर्षं काढली. त्याच्या एकूण एकतीस वर्षांच्या नोकरीत गाडीला ओरखडासुद्धा नाही. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र त्याच्या दिवाणखान्यात देवांच्या तसबिरींपेक्षा वीतभर उंच टांगलेलं होतं आणि उदबत्तीही आधी त्यालाच ओवाळली जायची. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. वहिनींना विचारा.

निवृत्त झाल्यावर या माणसाला घरात करमेना. दार लोटताना कडी अशी खेचायचा की जणू तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकतोय. शेवटी पुण्याच्या लेकीनं, वृषालीनं, नवऱ्याचा खेळायचा कॉम्प्युटर उचलून बापाला आणून दिला. जावई त्या खेळापायी नोकरीला मुकायच्या बेतात होता, तेव्हा पोरीनं दोन संसार वाचवले म्हणायचे. सोबत भलामोठा पडदा, स्टिअरिंग, पायाखाली तीन पेडल, आणि बसगाडी चालवायचा एक खेळ. त्या खेळात कुणा उद्योगी माणसानं आपली लाल गाडी आणि हुबेहूब कुंभार्ली घाट बनवून घातलेला होता.

पहिल्या दिवशी सर्जेरावनं इंजिन चालू केलं आणि नुसताच बसून राहिला. गाडी हलेना.

"अहो बाबा, ॲक्सिलरेटर दाबा की," वृषाली म्हणाली.

"डबल बेल कुठाय?"

कंडक्टरची डबल बेल ऐकल्याशिवाय त्याचा पाय कधी हललाच नव्हता. मला बोलावणं आलं. माझ्या खुर्चीच्या हाताला सायकलची घंटी बांधली. मी दोनदा टिंगटिंग केलं, गाडी सुटली. तेव्हापासून रोज सकाळी दहाला आमची कराड-चिपळूण. एकदा मला ताप होता म्हणून मी गेलो नाही, तर हा साडेअकरापर्यंत इंजिन चालू ठेवून कराड स्टँडात उभा होता.

महिन्याभरात गाडीला गर्दी होऊ लागली. कॉलनीतली रिकामी माणसं खुर्च्या घेऊन मागे बसायची. इनामदार मास्तर खिडकीशेजारी जागा पाहिजे म्हणून पावणेदहालाच रुमाल टाकून जायचे. समोरच्या बाईंनी एकदा चिपळूणच्या बहिणीला द्या म्हणून पुरणपोळ्यांचा डबा ठेवला. तो आम्ही कोयनानगरला गाडी थांबवून संपवला. आणि एकदा घाटातल्या अकराव्या वळणावर मास्तरांना उलटी झाली. खरी. खुर्ची जागची हलली नव्हती, पंखा चालू होता, तरी झाली. मी स्वतः माती टाकली तिच्यावर.

मे महिना लागला आणि गोष्ट खेळाची राहिली नाही. मास्तर ज्या शाळेतून निवृत्त झाले तिनं नवी बस घेतली होती, आणि मास्तरांनी मुख्याध्यापिका भागवतबाईंपाशी सर्जेरावचा शब्द टाकला होता. जूनच्या मध्यावर शाळा उघडली की सत्तावीस पोरं घेऊन सर्जेराव पुन्हा रस्त्यावर येणार. खऱ्या रस्त्यावर. वहिनींनी पेटीतली खाकी वर्दी काढून इस्त्रीला दिली. सर्जेराव आरशासमोर मिशा कापू लागला. आणि नेमक्या त्याच महिन्यात, एकतीस वर्षं ओरखडा न लावणारा हा माणूस दर दोन दिवसांनी दरीत जाऊ लागला.

मग काशिद आला. स्टँडमागे त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं, आत फुंकर मारली, आणि विचारलं, "काका, लक्षण सांगा."

"वळण येतच नाय. एकदम म्होरं उभं राहतंय."

काशिदनं नाडी धरल्यासारखे डोळे मिटले. "फ्रेम खातोय. साधी गोष्ट आहे. हे ग्राफिक्स कार्ड म्हणजे आतला चित्रकार. तुमच्या घाटात झाडं किती, दगड किती! एकट्याला आवरत नाही. काढून होईपर्यंत गाडी पुढे आलेली असते. दुसरं कार्ड जोडायचं. डावीकडचं चित्र एक काढील, उजवीकडचं दुसरा."

"तू स्वतः चालवून बघितलंस का?" मी विचारलं. "तुझ्याकडून पण दरीत जातेय का?"

"मी चालवत नाही काका. मी विकतो."

दुसरं कार्ड बसवायचं की नाही यावर सभा भरली. आमच्या कॉलनीत नळाला आठ दिवस पाणी नव्हतं तेव्हाच्या सभेला तिघं आले होते, त्यातला एक सभा कसली आहे ते विचारायला. या सभेला दिवाणखाना पुरेना. आयुष्यात माऊसला हात न लावलेली माणसं, कार्ड एकाच कंपनीची असावीत का, यावर हमरीतुमरीवर आली. मास्तर उभे राहून म्हणाले, "हा खर्चाचा प्रश्न नाही. मनुष्यहानीचा प्रश्न आहे."

"एक तापतंय म्हणून दुसरं आणून तापवायचं?" शालनवहिनी म्हणाल्या. "आत्ताच त्या डब्यामागं माझे पापड वाळतायत. दुसरं बसवलंत तर भाकरीच भाजते तिथं."

"तू गप. तुला यातलं काय कळतंय?"

"मला नाही कळत. पण पंधरा दिवस झाले, रोज डाव्या बाजूची वाटी राहतेय तुमची ताटात. ती काय कॉम्प्युटर खातोय?"

सगळे हसले. मीही हसलो. मग मी म्हणालो, "सर्जा, दुसऱ्या कार्डानं काही होणार नाही. चित्र कुठं अडकत नाही. मी मागं बसून बघतोय की."

सर्जेरावनं खुर्ची माझ्याकडं वळवली. "पोटात दुखतंय तुझ्या. मला नोकरी लागतेय, आणि तू आपला सायकलची घंटी वाजवत बसणार. म्हणून नको कार्ड. होय का नाय?"

इतक्या माणसांत तो असं बोलला. कार्ड बहुमतानं मंजूर झालं.

बसवण्याचा समारंभ मी तुम्हाला सांगतो तो कमीच करून सांगतो. काशिदनं कार्ड आत खोचलं, वीज कमी पडायला नको म्हणून सप्लायही मोठा बसवला. वहिनींनी डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, सर्जेरावनं पहिल्या चाकापुढं फोडावा तसा नारळ पडद्यापुढं फोडला, त्याचं पाणी की-बोर्डात गेलं, ते मास्तरांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं टिपलं. मी डबल बेल दिली. आणि गाडी काय गेली म्हणता! कराड, पाटण, कोयनानगर, घाट. एकेक वळण असं घेतलं की मास्तर उलटी विसरले. चिपळूण स्टँडात गाडी लागली तेव्हा टाळ्या पडल्या. काशिदला खांद्यावर घ्यायचेच बाकी होते. दुसऱ्या दिवशी डब्याला झेंडूचा हार आला.

आठ दिवस एकही अपघात नाही. काशिदच्या दुकानात तेवढ्यात तिघांनी दुसरी कार्डं बसवून घेतली, त्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरवर फक्त लग्नपत्रिका व्हायच्या.

मला मात्र कार्ड बसवलं त्याच दिवसापासून खोकला लागला. तोही विचित्र. कोयनानगरपर्यंत काही नाही, आणि गाडी घाटात शिरली की ढास. मास्तर म्हणाले, घाटाची हवा बाधते काहींना. शालनवहिनींनी अडुळशाचा काढा दिला. तो मी इमानानं प्यायलो. कडू जहर होता.

नवव्या दिवशी भागवतबाई स्वतः आल्या. मास्तरांनीच आणलं होतं, आपल्या उमेदवाराची करामत दाखवायला. बाई पहिल्या खुर्चीवर बसल्या. सर्जेराव इस्त्रीची खाकी वर्दी घालून स्टिअरिंगवर. प्रशस्तिपत्राची काच पुसलेली.

"छान हो," बाई म्हणाल्या. "पालकांना सांगायला बरं. शिशुवर्गाची नऊ पोरं आहेत बसमध्ये, तीन-साडेतीन वर्षांची. माझी नातसुद्धा त्यातच. तिला सांगून ठेवलंय, ड्रायव्हरआजोबांच्या शेजारी डावीकडं बसायचं."

मी डबल बेल दिली. गाडी सुटली. पाटण गेलं, कोयनानगर गेलं. घाट लागला. पहिल्या तीन वळणांना दरी उजवीकडं होती. चौथ्याला डावीकडं.

मला खोकला आला नाही.

गाडी सरळ गेली. कठडा तोडून, झाडाला घासून, त्रेचाळीस प्रवाशांसकट खाली. मग काशिद म्हणाला, "ड्रायव्हर जुना झालाय. सॉफ्टवेअरमधला हो, तुम्ही नाही काका." मास्तर म्हणाले, "व्होल्टेज पडलं. दिवा मिणमिणलेला मी पाहिला."

सर्जेराव पडद्याकडं बघतच नव्हता. तो माझ्याकडं बघत होता.

आता खोकल्याचं सांगतो. घाटात धुकं उतरलं की आमच्या गाडीत मी डाव्या दारात उभा राहून कड बघायचो. कड जवळ आली तर ड्रायव्हरला सांगणार कसं? घंटी द्यावी तर गाडी भर घाटात उभी राहणार, मागून ट्रक. ओरडावं तर प्रवासी देवाचा धावा सुरू करणार. म्हणून आम्ही खोकला ठरवला होता. एक खोकला म्हणजे कड आली, अंग काढून घे. दोन म्हणजे ब्रेक. एकोणीस वर्षांत कुणा प्रवाशाला पत्ता लागला नाही. पाटणच्या एका म्हातारीनं मला दम्याचं औषध म्हणून दर सोमवारी मध आणून दिला, तो मी न बोलता घेतला.

कार्ड बसवलं त्या दिवशी चौथ्या वळणावर गाडी कडेला निघालेली दिसली आणि जुन्या सवयीनं माझा घसा बोलून गेला. सर्जेरावचा पाय ब्रेकवर, हात उजवीकडं. वळण त्याला दिसलं नव्हतं. खोकला ऐकू आला होता. ताटातल्या डाव्या वाटीवर मी हसलो होतो, ती त्याला दिसतच नव्हती हे तेव्हा कळलं. पण हार घातलेल्या डब्यापुढं मी काय सांगणार होतो, की मित्रा, तुझा डोळा गेलाय? उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणत आठ दिवस मी माझ्या घशानं काशिदचं दुकान चालवलं.

आणि आता तोंडानं बोलायची हिंमत झाली नाही म्हणून गप्प राहून सांगितलं, तर भागवतबाई हसत उठल्या!

"अहो पिसाळ, खेळ आहे हा. याला कोण विचारतंय? मी तुमचं सर्टिफिकेट पाहिलंय, लायसन पाहिलंय. शाळा उघडते त्या दिवशी साडेसहाला या."

गेल्या. झाली नेमणूक. माझ्या गप्प बसण्याचा उपयोग शून्य.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी गेलो नाही. सव्वादहाला तोच माझ्या दारात.

"का खोकला नाहीस?"

"तुला दिसत नाही, सर्जा."

"ते मला माहीत हाय."

"कधीपासून?"

"डावीकडचं धुरकट झालंय वर्षभर," तो म्हणाला. "कार्डानं सुधारंल वाटलं होतं. खरंच वाटलं होतं रं. पण पहिल्याच दिवशी तू खोकलास, आणि म्हटलं, कशाला काळजी करायची?"

"कशाला म्हणजे? सत्तावीस पोरं..."

"तू असशील की गाडीत! सभेच्या आधीच अर्ज दिला, त्यात मदतनीस म्हणून तुझंच नाव हाय. तुला सांगायचं राहिलं. काशिद तरी वेगळं काय म्हणत होता? एकाला झेपत नसलं की दुसरं जोडायचं. आपण दोघं मिळून एक ड्रायव्हर होतोच की आजवर."

म्हणजे पोटात दुखतंय म्हणून भर सभेत मला बोलला, त्याच्या आधीच या गाढवानं माझ्या नावाचा अर्ज देऊन ठेवला होता. मला गहिवरून यायला पाहिजे होतं. मला राग आला.

"आणि सर्जा, मला खरंच खोकला झाला तर?"

"हं?"

"साधा खोकला. पडसं. पावसाळा येतोय. भर बाजारपेठेत मी खों खों करत बसलो, तर तू काय करशील? दर खोकल्याला गाडी उजवीकडं घेशील? समोरून येणाऱ्याच्या अंगावर?"

तो माझ्या ओट्यावर बसला. मी चहा आणला तो प्यायला नाही.

"किंवा मी एक दिवस मेलोच तर?" मी म्हणालो.

"आता पुरं की," तो म्हणाला. "कळलं."

तो उठून गेला. दोन दिवस आमची गाडी सुटली नाही. कॉलनीत कुणी म्हणे तिसरं कार्ड येणार आहे. तिसऱ्या दिवशी मी आणि वहिनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांवर टिकेल, असं डॉक्टरनं सांगितलं. सर्जेरावनं एकच विचारलं, "गाडी?" डॉक्टरनं नुसती नाही म्हणून मान हलवली.

तिथून आम्ही शाळेत गेलो. वहिनींना त्यानं रिक्षानं घरी पाठवलं. मुख्याध्यापिकेपुढं बायको नको, कंडक्टर चालेल, असा त्याचा हिशेब.

भागवतबाईंनी ऐकून घेतलं. डोळ्याचं नाव त्यानं काढलं नाही. "जमणार नाय बाई" एवढंच. बाईंचा चेहरा पडला, दुसरा ड्रायव्हर आता कुठून आणू म्हणाल्या. मग फाईल उघडून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "खिलारे, तुमचं नाव मात्र मी आधीच वगळलं होतं, राग मानू नका. शाळेच्या बसला मदतनीस बाईमाणूसच लागते, तसा नियम आहे. आमच्या बालवाडीच्या सुलभाताई बसणार होत्या. फार शांत बाई. तोंडातून आवाज म्हणून नाही."

सर्जेरावनं तोंडाशी नेलेली चहाची बशी तशीच टेबलावर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. बाईंना वाटलं नोकरी गेल्याचं दुःख. त्यांनी त्याला बिस्कीट दिलं.

बाहेर आलो. शाळेच्या फाटकापुढं रस्ता. एकोणीस वर्षांत कधी रस्ता ओलांडताना या माणसानं माझ्यासाठी पाऊल थांबवलं नव्हतं. तो पुढं, मी मागं, तिकिटांची पेटी सांभाळत. त्या दिवशी तो फाटकापाशी थांबला. माझं कोपर धरलं.

"रंगा," तो म्हणाला, "डावीकडचं बघ जरा. काय येतंय का?"

मी बघितलं. लांबून एक म्हैस येत होती. एकटी, रमतगमत, शेपटीनं माशा हाकत. तिच्या आधी आम्ही दोघं दहादा पलीकडं जाऊन आलो असतो. पण एकतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला म्हशीसाठी उभं करायचं मला बरं वाटेना.

"थांब," मी म्हणालो, "चिपळूण गाडी येतेय. जाऊ दे तिला."

आम्ही उभे राहिलो. म्हैस आमच्यासमोरून सावकाश गेली. सर्जेरावनं तिला, समोरच्या ड्रायव्हरला करायचा तसा, सवयीनं हात केला.